साखळीच्या आधी काठी: जपानच्या अनोळखी शस्त्रांकडे जाणारी वाट

कुसारिगामा म्हणजे साखळी लावलेला विळा. साखळीच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन. कार्टून, व्हिडिओ गेम, सिनेमा, कुठे ना कुठे हे शस्त्र दिसतं आणि एकदा दिसलं की डोक्यातून जात नाही. मी तोक्योत जपानी काठी शिकते हे कळलं की ओळखीच्या मराठी घरांमधल्या तरुण मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, ते साखळीवालं शिकवतात का हो कुठे?"

शिकवतात. पण पहिल्या दिवशी नाही, आणि बहुतेक पहिल्या तीन-चार वर्षांतही नाही. हे ऐकून निम्मी मुलं तिथेच थांबतात. मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण साखळी हातात येईपर्यंत जे शिकून होतं त्याच्याशिवाय साखळीला काही अर्थ नाही. हा लेख त्या पहिल्या काही वर्षांसाठी आहे. सुरुवात कुठून करायची, काय विकत घ्यायचं, काय घ्यायचं नाही, आणि कोणतं शस्त्र कशानंतर हातात येतं, ते क्रमानं सांगते.

आधी एका शब्दाचा खुलासा. ज्या काठीपासून आपण सुरुवात करणार तिचं जपानी नाव 'जो', लांबवून म्हणायचं. मराठीत 'जो' हे सर्वनाम असल्यानं वाचताना दर ओळीला अडखळायला होतं, म्हणून मी ते 'जोऽ' असं लिहिते. विद्येचं नाव जोऽदो.

पहिली पायरी: शस्त्र नाही, घराणं निवडा

"मला फक्त मारवा शिकवा" असं म्हणत कुणी गाणं शिकायला जात नाही. आपण गुरूकडे जातो, घराण्याची तालीम घेतो आणि मारवा त्याच्या वेळेला येतो. जपानी शस्त्रविद्येत घराण्याला 'र्यू' म्हणतात आणि रीत जवळजवळ हीच. १८६८ च्या मेइजी क्रांतीआधी स्थापन झालेल्या घराण्यांना 'कोर्यू', म्हणजे जुनी घराणी, असं नाव आहे. शस्त्र सुटं शिकता येत नाही, ते घराण्याच्या शिक्षणक्रमात आपल्या जागी बसलेलं असतं. काही ठिकाणी प्रवेशाच्या वेळी शपथपत्रावर बोटाच्या रक्ताचा ठसा उमटवायची पद्धत आहे. चिबा प्रांतातलं, कातोरी देवस्थानाशी जोडलेलं पंधराव्या शतकातलं कातोरी शिंतो-र्यू हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. आपल्याकडच्या गंडाबंधनाची ज्यांना कल्पना आहे त्यांना त्यामागची भावना वेगळी समजावून सांगायला नको.

अनोळखी शस्त्रं नेमकी कुठे आहेत याची थोडी झलक देते. ओकायामाकडचं ताकेनोउची-र्यू १५३२ सालचं. कुस्तीसारख्या अंगलट लढाईसाठी ते ओळखलं जातं, पण तिथे पातेल्याचं झाकण ढालीसारखं वापरायलाही शिकवतात. नारामध्ये होझोइन-र्यू आहे, कोफुकुजी मंदिराच्या इन्एई नावाच्या भिक्षूनं सोळाव्या शतकात सुरू केलेलं. त्यांच्या भाल्याला आडवं पातं असतं, त्यामुळे तो क्रुसासारखा दिसतो. नागोयाच्या ओवारी कान-र्यूमध्ये भाला एका छोट्या नळीतून सरकतो. पुढच्या हातानं नळी धरायची आणि मागच्या हातानं भाला ढकलायचा, म्हणजे तो विलक्षण वेगानं जातो. तिथे नवख्या माणसाला आधी चिलखत घालून मोकळ्या लढतीत उतरवतात आणि ठरीव डाव नंतर शिकवतात, जे बाकी घराण्यांच्या अगदी उलट. आराकि-र्यूमध्ये चिगिरिकी आहे, म्हणजे सोट्याच्या टोकाला साखळी आणि वजन. फेकायच्या शुरिकेनची घराणीही आहेत. आन्नाकाच्या सामुराईंपासून आलेल्या नेगिशी-र्यूमध्ये चांदणीच्या आकाराची चकती नसते, पेन्सिलीसारखी पोलादी सळई असते आणि ती हवेत गरगर न फिरता सरळ जावी असा प्रयत्न असतो.

ओकिनावाची शस्त्रं हा स्वतंत्र विषय आहे. महाराष्ट्रातल्या कराटे वर्गांमधून नुनचाकू, साई आणि तोन्फा आपल्या ओळखीचे झाले, पण ते मुख्य भूमीवरच्या सामुराई घराण्यांचे नव्हेत. ते र्युक्यू राज्याचे. हे राज्य जपाननं १८७९ मध्ये खालसा केलं. त्या परंपरेतही फारशी न दिसणारी शस्त्रं आहेत: होडीचं वल्हं, म्हणजे एकू, आणि ढाल व आखूड भाल्याची जोडी, म्हणजे तिन्बे-रोचिन. तुमच्या गावी चांगला ओकिनावी कोबुदो, म्हणजे तिथली जुनी शस्त्रविद्या, शिकवणारा शिक्षक असेल तर तिथून सुरुवात करायला काहीच हरकत नाही. फक्त दोन्ही परंपरा एकच समजू नका.

मी इथून पुढे एकाच घराण्याची वाट दाखवणार आहे, शिंतो मुसो-र्यूची. एक तर मला तीच आतून माहीत आहे. दुसरं म्हणजे काठी, तलवार, छडी, जुत्ते (आकडा असलेला लोखंडी दांडा), कुसारिगामा आणि कैद्याला बांधायची दोरी, एवढं सगळं या एका घराण्याच्या छपराखाली शिकायला मिळतं.

त्याची कथा थोडक्यात. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मुसो गोन्नोसुके नावाचा योद्धा मियामोतो मुसाशी या नामांकित तलवारबाजाकडून हरला. पुढे तो क्यूशूत, आजच्या फुकुओका प्रांतातल्या होमान डोंगरावर, कामादो देवस्थानात अनुष्ठानाला बसला. ३७ व्या रात्री त्याला दृष्टान्त झाला: गोल ओंडका हाती घेऊन 'सुइगेत्सु' ओळख. सुइगेत्सु म्हणजे पाण्यातलं चंद्रबिंब, आणि शरीरावर छातीचा पिंजरा संपतो तिथली खळगी. ही झाली आख्यायिका. नंतर कुरोदा सरदारांनी ही विद्या आपल्या जहागिरीबाहेर जाऊ दिली नाही, हा इतिहास. शिमिझू ताकाजी यांनी १९३० च्या सुमारास ती तोक्योत आणून पोलिसांना शिकवली आणि १९६८ मध्ये अखिल जपान केंदो महासंघानं तिच्यातून १२ काता निवडून सर्वांसाठी खुला अभ्यासक्रम केला. काता म्हणजे दोघांनी मिळून करायचा ठरीव डाव. नवख्यांना बहुतेक ठिकाणी या १२ कातांपासूनच सुरुवात करून देतात.

दुसरी पायरी: आधी नुसते जाऊन बसा

जपानमध्ये याला 'केन्गाकु' म्हणतात, म्हणजे बघून शिकणं. न सांगता डोजोत, म्हणजे तालीमघरात, जाऊन उभं राहू नका. आधी छोटं पत्र किंवा मेल पाठवा: मी कोण, कुठे राहते, आधी काही शिकले आहे का, एकदा तालीम पाहता येईल का. जपानी तोडकंमोडकं असलं तरी चालतं. दारात चपला काढून त्यांची तोंडं बाहेरच्या दिशेला करून ठेवा, वाकून नमस्कार करा आणि तालीम संपेपर्यंत बसा. मधेच उठून जाणं वाईट दिसतं. फोटो विचारल्याशिवाय नाही.

प्रवास जमत असेल तर प्रात्यक्षिकांचे सोहळे बघा. दर वर्षी ३ नोव्हेंबरला तोक्योच्या मेइजी देवस्थानाच्या आवारात अनेक घराणी आपले डाव दाखवतात, आणि वर्षाच्या सुरुवातीला तोक्योच्याच निप्पोन बुदोकान या सभागृहातही मोठं संमेलन भरतं. साखळी, विळे, भाले, जुत्ते एकाच दिवशी पाहायला मिळतात.

बघताना शस्त्राकडे कमी बघा, पायांकडे जास्त. दोघांमधलं अंतर कधी तुटतं आणि ते कोण तोडतं, हे शोधा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: काठी विरुद्ध तलवार अशा कातामध्ये तलवार बहुधा ज्येष्ठाच्या हातात असते, आणि प्रत्येक वेळी हरतो तोच. धाकट्याला शिकता यावं म्हणून तो नेमकं योग्य अंतर, योग्य वेग आणि योग्य धोका समोर ठेवतो. मी पहिल्या दिवशी सत्तरी ओलांडलेल्या आमच्या सेन्सेईंना, म्हणजे गुरूंना, कॉलेजातल्या मुलासमोर सलग १२ वेळा हरताना पाहिलं आणि त्याच दिवशी नाव नोंदवलं.

नाव नोंदवताना खेळाडूंसाठीचा विमा काढायला सांगतील, तो काढा. त्याचं वर्ष एप्रिल ते मार्च असतं. फेब्रुवारीत सुरू करणार असाल तर एप्रिलपर्यंत थांबायचं का, हे विचारून घ्या.

तिसरी पायरी: काठी घेणं आणि सांभाळणं

जोऽची लांबी ४ शाकु २ सुन १ बु, म्हणजे साधारण १२८ सेंटिमीटर. जाडी ८ बु, म्हणजे सुमारे २.४ सेंटिमीटर, झाडूच्या दांड्याएवढी. लाकूड पांढऱ्या ओकचं, त्याला 'शिराकाशी' म्हणतात. ही मापं उंचीप्रमाणे बदलत नाहीत. मी बुटकी आहे, तरी माझी काठी तेवढीच. समोरच्या लाकडी तलवारीची लांबी सुमारे १०१ ते १०२ सेंटिमीटर. म्हणजे काठीला तलवारीपेक्षा वीतभर जास्त पल्ला मिळतो, आणि गोन्नोसुकेच्या सगळ्या विद्येचा जीव त्या वीतभरात आहे.

दुकानात काठी जमिनीवर ठेवून हलकेच लोटा. सरळ असेल तर ती एकसारखी घरंगळते, वाकलेली असेल तर थांबत, उड्या घेत जाते. मग तिच्या रेषा बघा. त्या टोकापासून टोकापर्यंत समांतर धावायला हव्यात. मधेच बाजूला निघून गेल्या असतील तर ती काठी तिथेच फुटणार. चकचकीत वॉर्निश केलेली काठी घेऊ नका. या विद्येत हात काठीवर सतत सरकतात, आणि घाम आला की वॉर्निश तळव्याला धरून ठेवतं. पोकळ बांबू किंवा मऊ लाकूडही नको, तलवारीच्या घावाखाली त्याच्या ढलप्या उडतात.

प्रत्येक तालमीआधी काठीवरून कोरडं फडकं फिरवा. धागा अडकला की तिथे कूस उठलेली असते. ती बारीक पॉलिश पेपरनं घासून काढा आणि बोटभर तेल चोळा. पहिल्या वर्षी एकदा घाईत मी हे केलं नाही, आणि माझ्या काठीची कूस समोरच्या बाईंच्या तळव्यात नखाएवढी आत गेली. त्यांनी काही न बोलता ती काढली, हात धुतला आणि पुन्हा उभ्या राहिल्या. त्यानंतर फडकं फिरवल्याशिवाय मी काठी उचललेली नाही. काठी भिंतीला टेकवून ठेवू नका, महिन्याभरात बाक येतो. आडवी ठेवा.

हाकामा आणि केइकोगी, म्हणजे घेरदार विजार आणि तालमीचा जाड सदरा, यांची पहिल्या महिन्यात गरज नसते. साधे सैल कपडे चालतात. अनवाणी उभं राहायची सवय मात्र करा.

चौथी पायरी: पहिलं वर्ष, बारा मुळाक्षरं

गाण्यात जसे पलटे, तसे जोऽदोमध्ये 'किहोन'. ते १२ आहेत. आधी एकट्यानं, मग तलवारीसमोर. पहिला होन्ते-उची, सरळ मुठीचा घाव. दुसरा ग्याकुते-उची, उलट्या मुठीचा. तिसरा हिकिओतोशी-उची, आणि त्याच्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं.

समोरचा तलवार मध्यावर रोखून उभा आहे, टोक तुमच्या डोळ्यांकडे. तुम्ही अंग आडवं करून उभे. काठीचं एक टोक छातीपाशी मुठीत, दुसरं मागे खाली तिरकं गेलेलं, जणू लपवलेलं. तिथून काठी डोक्यावरून वळून येते आणि तलवारीच्या पात्याच्या बाजूला लागून खाली घसरते. बरोबर बसला तर तलवार समोरच्याच्या मुठीतून जवळजवळ उपटली जाते आणि त्याच्या मागच्या बाजूला फेकली जाते. आवाज कोरडा आणि एकच येतो: टक्. चुकला तर दोन आवाज येतात, आधी आपटल्याचा आणि मग घासल्याचा, आणि तलवार होती तिथेच राहते. खांद्यातून जोर लावला की दोन आवाज. कंबर आणि मागचा पाय एकदम आला की एक आवाज. मला एक आवाज पहिल्यांदा ऐकू यायला आठ महिने लागले, आणि मग पुढचे दोन महिने तो पुन्हा आलाच नाही. डोळे मिटून केलेल्या या कानांच्या तालमीइतकं मला दुसरं काहीच आवडलेलं नाही. भिंतीशी बसून दुसऱ्यांच्या जोड्या ऐका, कोण कुठे पोचलं आहे ते न बघता कळतं.

कोल्हापूरकडचे मर्दानी खेळ किंवा लाठी शिकून आलेल्यांसाठी एक खास सूचना. लाठी फिरवण्याची तुमच्या मनगटातली सवय इथे बाजूला ठेवावी लागेल. लाठी फिरून चारी बाजूंनी आपल्याभोवती वर्तुळ राखते. जोऽ फिरत नाही, ती तळव्यांतून सरकते. आत्ता डावं टोक पुढे, पुढच्या क्षणी उजवं. समोरच्याला काठीची लांबी कधीच पुरती कळू द्यायची नाही. घराण्यात एक जुनी ओवीवजा रचना सांगतात, तिचा आशय असा: भोसकली तर भाला, झाडली तर नागिनाता, धरली तर तलवार. नागिनाता म्हणजे लांब दांड्याचं वाकडं पातं. तीन शस्त्रं एका साध्या काठीत मावतात ती या सरकण्यामुळे.

अंतराला इथे 'माआई' म्हणतात, आणि खरी तालीम त्याची असते. 'सुइगेत्सु' नावाचाच एक काता आहे. तलवार डोक्यावर उतरते. तुम्ही मागे पळत नाही, अर्धं पाऊल तिरकं पुढे जाता, आणि तलवार जिथे पडते तिथे तुम्ही नसता. त्याच क्षणी काठीचं टोक समोरच्याच्या खळगीवर, कपड्याला टेकेल न टेकेल एवढ्यावर येऊन थांबलेलं असतं. लवकर निघालात तर तलवार तुमच्यामागे वळते. उशिरा निघालात तर डोक्यावर टेंगूळ. ती वेळ हातापायांत बसवायला वर्ष जातं, आणि पुढे जुत्ते असो की साखळी, हीच वेळ पुन्हापुन्हा लागते.

घरी काय करावं? रोज दहा मिनिटं पुरेत. आरशासमोर होन्ते-उची २०, ग्याकुते-उची २०, आणि नंतर फक्त हात सरकवणं. जपानी फ्लॅटचं छत ठेंगणं असतं, दिव्यांवर लक्ष ठेवा. ओरडायची लाज सोडा. घावाला "एईऽ", भोसकताना "होऽ". श्वास त्याशिवाय सुटत नाही. डोजोत सगळेच ओरडतात, घरी शेजाऱ्यांमुळे ओठांतल्या ओठांत.

पाचवी पायरी: तलवार हातात घ्या

वर्षा-दोन वर्षांनी सेन्सेई तुम्हाला दुसऱ्या बाजूला उभं करतील. पुष्कळांना हे उगाचच वाटतं, कारण आले काठीसाठी आणि हातात तलवार. पण हिकिओतोशी स्वतःच्या मुठीवर झेलल्याशिवाय तो द्यायचा कसा ते कळत नाही. घराण्याच्या स्वतःच्या तलवारीच्या १२ काताही आहेत, आठ लांब तलवारीच्या आणि चार आखूड तलवारीच्या. टाळू नका.

सहावी पायरी: छडी, मग लोखंड

यापुढचा क्रम डोजोनुसार थोडा बदलतो. आमच्याकडे आधी तान्जोऽ येतो, सुमारे ९० सेंटिमीटरची छडी. १८७६ मध्ये सरकारनं तलवार बाळगायला बंदी केली आणि तोक्योतले साहेबलोक पाश्चात्त्य पद्धतीची हातछडी घेऊन हिंडू लागले. तेव्हा उचिदा र्योगोरो यांनी जोऽच्या विद्येवरून छडीचे १२ काता बसवले. छोट्या घरात तालीम करणाऱ्यांना हे शस्त्र सोयीचं. पाऊस नसतानाही हातात छत्री असली की माझे पाय आपोआप तिरके पडतात.

मग जुत्ते. हातभर लोखंडी दांडा, मुठीच्या थोडं वर एक आकडा. एदो काळात, म्हणजे मेइजी क्रांतीआधीच्या अडीचशे वर्षांत, गुन्हेगार पकडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला हे असायचं. ते शस्त्रही होतं आणि अधिकाराची खूणही. बहुतेकांची समजूत अशी की उतरणारी तलवार आकड्यात अडकवायची आणि पिरगाळायची. असं करायला जाल तर बोटं गमावाल. आधी अंगानं तलवारीच्या मार्गातून बाहेर पडायचं, दांड्यानं ती दाबायची, मग आकडा कामाला येतो. पायांनी चौथ्या पायरीवर शिकलेलं इथे वसूल होतं, फरक एवढाच की आता वीतभर पल्ला जास्त नाही, हातभर कमी आहे. म्हणून भीती खरी वाटते. आमच्या घराण्यात इक्काकु-र्यूचे जुत्तेचे काता शिकवतात, आणि काहींमध्ये दुसऱ्या हातात तेस्सेन, म्हणजे लोखंडी पंखा असतो. नवख्यांनी लाकडी जुत्ते वापरावं.

याच कुळातली एक वस्तू आजही रोजच्या वापरात आहे. सासुमाता: लांब दांड्याला यू आकाराचं टोक, माणसाला भिंतीशी किंवा जमिनीशी दाबून धरायला. २००१ मध्ये ओसाकात शाळेत घुसून एका माणसानं आठ मुलांचा जीव घेतला, आणि त्यानंतर जपानभरच्या शाळांनी सासुमाता घेऊन ठेवले. आता ते ॲल्युमिनियमचे असतात. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तोक्योच्या उएनो भागात दागिन्यांच्या दुकानातल्या कर्मचाऱ्यानं सासुमाता घेऊन दरोडेखोरांना पळवून लावलं, ते चित्रण जगभर फिरलं. तुमच्या मुलांच्या शाळेत पालकांसाठी याचं प्रशिक्षण असेल तर जरूर जा. एकट्यानं वापरायचं नसतं: एकानं धड दाबायचं, दुसऱ्यानं पाय, आणि दांडा समोरच्याच्या हातात जाऊ द्यायचा नाही.

ही सगळी शस्त्रं एका रांगेत ठेवली की मला त्यांच्यातलं साम्य दिसतं. काठी, छडी, जुत्ते, सासुमाता, दोरी, यांतलं एकही मुळात जीव घेण्यासाठी घडवलेलं नाही. मासाकि-र्यूची मान्रिकी-गुसारी, म्हणजे दोन्ही टोकांना वजन असलेली आखूड साखळी, तिचीही कथा अशीच सांगतात: एदो किल्ल्याच्या दरवाजावर पहारा देणाऱ्या मासाकी यांना त्या जागी रक्त सांडायला नको होतं. जोऽची आणखी एक रचना आहे, तिचा अर्थ असा की जखम न करता माणसाला आवरणारी शिकवण काठीवाचून दुसरी कुठली? जिंकण्यापेक्षा आवरणं कितीतरी अवघड असतं. म्हणूनच ही शस्त्रं शिकायला वेळ लागतो, आणि म्हणूनच मला ती इतकी प्रिय आहेत.

विकत घेण्याआधी कायदा

ऑनलाइन मिळणारे चकचकीत कुसारिगामा, शुरिकेन आणि धारदार तलवारी घेऊ नका. तालमीत त्यांना जागा नाही आणि कायद्यानं अडचणीत याल. जपानमध्ये ६ सेंटिमीटरहून लांब पातं विनाकारण जवळ बाळगणं गुन्हा आहे, आणि लोखंडी दांडा किंवा साखळी लपवून नेणं दुसऱ्या कायद्यात बसतं. तालमीला जाताना काठीसुद्धा पिशवीत घालून, तोंड बांधून न्या. भारतात शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची शस्त्रं येतात. शेतीच्या विळ्याला मिळणारी सूट साखळी जोडलेल्या विळ्यालाही मिळेल असं धरून चालू नका. महाराष्ट्रात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात, त्यांत काठ्या-लाठ्याही असतात. सुट्टीत घरी गेलात आणि मैदानावर सराव करायचा असेल तर त्या दिवसांत आदेश लागू आहे का ते आधी बघा. विमानात काठी केबिनमध्ये नेता येत नाही, सामानात द्या. लांबीमुळे जादा पैसे पडतील का हे तिकीट काढतानाच विचारा.

सातवी पायरी: साखळी

आता कुसारिगामा. आमच्याकडे तो इश्शिन-र्यूचा शिकवतात, त्याचेही १२ काता आहेत. तालमीचा विळा लाकडी, साखळीच्या जागी बहुधा दोरी, आणि वजनाच्या जागी कापडानं गुंडाळलेला चेंडू. विळा डाव्या हातात, उजव्या हातानं वजन फिरवायचं.

पहिले दोन महिने फक्त फिरवणं. डोक्यावर आडवं, मग अंगाच्या बाजूला उभं, मग एकातून दुसऱ्यात. लय बिघडली की दोरी ढिली पडते, आणि ढिल्या दोरीचं वजन कुठे जाईल ते कुणालाच सांगता येत नाही. कान इथेही मदत करतात. एकसारखा 'हुं-हुं' येत असेल तर ठीक. तो तुटला की हात थांबवू नका, वजन स्वतःपासून दूर जमिनीकडे सोडा. घाबरून हात आखडला की चेंडू स्वतःच्याच कानशिलावर येतो. आसपास तीन मीटरमध्ये कुणी नको, आणि चष्मा काढून ठेवा किंवा पट्ट्यानं बांधा.

नंतर सोडणं. वजन तलवारीच्या मुठीजवळ जाऊन विळखा घालतं. इथे प्रत्येकजण दोरी ओढतो, आणि इथेच प्रत्येकजण चुकतो. विळखा बसला याचा अर्थ तुम्ही समोरच्याशी बांधले गेलात. त्याच्याकडे अजून तलवार आहे, आणि दोरी जितकी तुमची तितकीच त्याची. हातानं ओढलंत तर ओढाओढीत जो जड तो जिंकतो. दोरी ताणलेली ठेवून, होन्ते-उचीत टाकत होता तेच पाऊल टाकत आत शिरायचं असतं. विळा शेवटी येतो, तोही अंगावर न उतरता मानेजवळ थांबतो. पहिल्या वर्षी पाय तयार झाले नसतील तर इथे करण्यासारखं काहीच उरत नाही.

शेवटची दोरी

सर्वांत शेवटी होजो येतं, पकडलेल्या माणसाला बांधण्याची विद्या, आमच्याकडे इत्तात्सु-र्यूची. झटकन पकडून बांधायची एक दोरी, नंतर नीट बांधून न्यायची दुसरी. मी अजून याच्या उंबरठ्यावर आहे, म्हणून सुरुवातीला जे सांगितलं गेलं तेवढंच सांगते. दोरी गळ्याभोवती शिक्षक नसताना कधीच न्यायची नाही. जोडीदाराची बोटं सतत दिसत राहिली पाहिजेत. मधूनमधून अंगठ्याचं नख दाबून सोडायचं आणि गुलाबी रंग लगेच परत येतो का ते बघायचं. बांधून होताच सोडायचं, आणि मग दोघांनी दोन टोकं धरून दोरीचा पीळ काढायचा. तो पूर्ण निघाल्याशिवाय आमच्या सेन्सेई दोरी गुंडाळू देत नाहीत.